ऑपरेशननंतर ‘घसाच तर दुखतोय’? अन्ननलिकेच्या इजेबाबत या चुका टाळा

समजा, पिंपळगाव बसवंतच्या एका काकांचं मानेच्या मणक्यातल्या गादीचं ऑपरेशन मुंबईत झालं. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला आणि कसारा घाट चढून ते घरी आले. गळ्यापाशी टाके, मानेला पट्टा. भेटायला येणारा प्रत्येकजण एकच धीर देतो : “घशात नळी घातली होती ना, दुखणारच.”

बहुतेक वेळा हे खरंही असतं. भुलेच्या नळीने खवखवलेला घसा दोन-तीन दिवसांत निवतो. मानेच्या पुढच्या बाजूने मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर गिळायला त्रास होणं इतकं सर्रास आहे की डॉक्टर ते आधीच सांगून ठेवतात. काहींना त्यातून सुटायला आठवडे लागतात. घोटाळा होतो तो यामुळेच. क्वचित एखाद्याच्या अन्ननलिकेला इजा झालेली असते आणि तिचीही सुरुवात घसा दुखण्यानेच होते.

मग ओळखायचं कसं? त्रास उतरतोय की चढतोय, ते बघा. काल पातळ वरण जात होतं आणि आज थुंकीही गिळवत नाही, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नका. सोबत ताप, अंगात हुडहुडी, पडून असतानाही नाडी जोरात, मान किंवा छाती ठणकणं, आवाज बदलणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टाक्यांतून लाळेसारखं पाणी किंवा खाल्लेलं बाहेर येत असेल, तर मग शंकेला जागाच उरली नाही.

अन्ननलिका साधारण 25 सेंटीमीटर लांबीची, पुढे श्वासनलिका आणि मागे मणका यांच्यामध्ये दबलेली. आतड्याला बाहेरून जे चिवट आवरण असतं ते हिला नाही. भोक पडलं की लाळ आणि जंतू मानेतून खाली छातीच्या मधल्या भागात उतरतात आणि तिथे पू होतो. पहिल्या 24 तासांत सापडलेली इजा आणि तीन दिवसांनी सापडलेली इजा यांत जिवाच्या धोक्याचा मोठा फरक पडतो.

घरी होणारी सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘जातंय का बघू’ म्हणून घोटभर पाणी किंवा मऊ भात देऊन पाहणं. शंका आली की तोंडाने काही नाही. पाणी नाही, गोळी नाही, हळदीचं दूधही नाही. वॉर्डात याला ‘एनबीएम’ (निल बाय माउथ) म्हणतात. आजीला हे पटवणं अवघड जातं, पण भोकातून बाहेर पडणारा प्रत्येक घोट आत घाण वाढवतो.

दुसरी चूक मानेच्या सुजेबाबतची. गळा फुगलेला दिसला की कुणी मलम चोळतं, कुणी शेक देतं. चोळू नका, बोटाने अगदी हलकं दाबून बघा. कातडीखाली पापड मोडल्यासारखं कुरकुरलं तर आत हवा शिरली आहे. ही खूण दिसली की लगेच निघायचं. ती नसली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, सगळ्यांना ती दिसत नाही.

तापावर गोळ्या देत राहणं हेही घातकच. ताप दबतो, आतला पू तसाच राहतो. गावातल्या डॉक्टरांकडे गेलात आणि ऑपरेशनचं सांगितलंच नाहीत, तर ते बिचारे घशाचा संसर्ग समजून औषध देणार. छातीत दुखतंय म्हणून ईसीजी काढला, तो चांगला आला, मग ‘अ‍ॅसिडिटी’ ठरवून घरी, हा आणखी एक चकवा. अन्ननलिकेचा अरुंद भाग दुर्बिणीने फुगवल्यानंतर, थायरॉइडच्या किंवा हायटस हर्नियाच्या (जठराचा भाग वर छातीत सरकण्याच्या) ऑपरेशननंतर छाती-पाठ दुखू लागली तर फाईल सोबत न्या आणि आधी तीच दाखवा.

साधा एक्स-रे नॉर्मल आला म्हणजे सुटलो, असंही नाही. पाण्यात विरघळणारं औषध प्यायला देऊन काढलेले फोटो किंवा तसं औषध देऊन केलेला सीटी गळती दाखवू शकतो. त्यातूनही कधी ती निसटते. शंका टिकून असेल तर बेरियम नावाचं पांढरं औषध पाजून काढलेले फोटो किंवा एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतून पाहणं, याचा विचार होतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून नसेतून तार घालून अ‍ॅब्लेशन (हृदयाचा छोटासा भाग उष्णतेने जाळणं) केलेलं असेल, तर हृदयामागेच असलेल्या अन्ननलिकेला त्या उष्णतेने झालेली इजा बहुधा दोन-चार आठवड्यांनी वर येते. ताप, छातीत दुखणं, कधी एकदम लकव्यासारखी लक्षणं. अशा रुग्णाची घाईने एंडोस्कोपी करणं धोक्याचं, कारण दुर्बिणीतून सोडलेली हवा हृदयातून मेंदूकडे जाऊ शकते. आधी छातीचा सीटी. म्हणून ‘अ‍ॅब्लेशन झालंय’ हे दारातच सांगा.

आता प्रश्न जायचं कुठे. ऑपरेशन मुंबईत झालं म्हणून तापाने फणफणलेल्या माणसाला गाडीत घालून पुन्हा घाट उतरायचा, हे मला पटत नाही. मूळ सर्जनना फोन लावा, पण आधी नाशिक गाठा. गरज वाटली तर 108. मुंबई नाक्याच्या आसपास रुग्णालयांना तोटा नाही. निघण्यापूर्वी एवढंच विचारा की आत्ता या वेळी सीटी, एंडोस्कोपी आणि छातीचे सर्जन मिळतील का. सलाइन आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं की पुढचं दोन्हीकडचे डॉक्टर बोलून ठरवतील. इजा लहान असेल तर कधी उपाशी ठेवून, पू काढून, नळीवाटे अन्न देऊन भागतं. काहींना भोक शिवावं लागतं.

मणक्यात पट्टी-स्क्रू बसवलेल्यांनी ऑपरेशन जुनं झालं म्हणून विसरू नये. स्क्रू सैल होऊन अन्ननलिकेला घासत राहिला, तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही गिळताना अडकणं, वजन उतरणं, वारंवार न्यूमोनिया असं सुरू होतं. तेव्हा ऑपरेशन किती वर्षांपूर्वीचं, हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.