हॅम्बुर्गहून न्हावा शेवा: युरोप राइडचा शेवटचा आठवडा

युरोपभर फिरवलेली स्वतःची एमएच पासिंगची मोटरसायकल जहाजाने परत आणायची असेल, तर शेवटच्या आठवड्याचा हिशोब उलटा मांडा. गाडी गोदामात द्यायची तारीख आधी पक्की, मग आल्प्समधले घाट. कंटेनरची वेळ हुकली की गाडी पुढच्या कंटेनरची वाट बघत पडून राहते आणि गोदामाचं भाडं चढत जातं. विमानाचं तिकीट गाडी दिल्यानंतर किमान दोन दिवसांनी काढा. शेंगेन व्हिसाचे १८० दिवसांतले ९० दिवस मोजताना आल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. या मुदतीचा गाडीच्या कार्नेच्या (गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कस्टम्सचा कागद) मुदतीशी संबंध नाही.

ऑस्ट्रियातल्या टिरोलहून फर्न पास उतरून जर्मनीतल्या फ्युसेनला आलात की ए-७ हा ऑटोबान थेट हॅम्बुर्गला जातो. अंतर ८०० किलोमीटरच्या वर. रॉयल एनफील्ड हिमालयनसारख्या गाडीवर हे एका दिवसात करू नका. लांब टप्पा रविवारी ठेवा, कारण जर्मनीत रविवारी रात्री १० पर्यंत साडेसात टनांवरच्या मालट्रकना बंदी असते आणि उजवी लेन मोकळी मिळते. रविवारी ग्योटिंगेन, सोमवारी हॅम्बुर्ग, मंगळवारी गोदाम हा क्रम सोयीचा. कासेलच्या आसपासच्या उंच पुलांवर आडवा वारा लागतो, तिथे मागच्या पेट्या भरलेल्या असतील तर वेग ९०-१०० पर्यंत कमी करा. पेट्रोल संपून ऑटोबानवर थांबणं हा नियमभंग धरला जातो, तेव्हा रिझर्व्हवर ताणू नका.

गाडी धुणं सोमवारीच उरकावं लागतं, कारण अनेक राज्यांत रविवारी वॉशिंग सेंटर बंद असतात. चिखल आणि चिकटलेले किडे पूर्ण काढा. मात्र प्रेशरचं पाणी चाकांचं बेअरिंग, फोर्क सील आणि चेनवर सरळ मारू नका. आत शिरलेलं पाणी जहाजावरच्या खाऱ्या हवेत आठवडेच्या आठवडे राहतं आणि बेअरिंग गंजतं. धुतल्यावर वीसेक किलोमीटर चालवून गाडी वाळवा, चेन गरम असतानाच ल्यूब लावा आणि उघड्या बोल्टवर गंजरोधक फवारा. न्हावा शेवाला गाडी पावसाळ्यात उतरणार असेल तर हे अजिबात टाळू नका.

भाडं बहुधा घनमीटरवर लागतं, त्यामुळे गाडी ज्या लाकडी खोक्यात जाते त्याच्या मापावर पैसे वाचतात. गाडी उभी तशीच २.३ × १.० × १.४ मीटर धरली तर ३.२ घनमीटर होतात. आरसे, विंडशील्ड, पेट्या आणि पुढचं चाक काढून, हँडल खाली वळवून २.२ × ०.८ × १.१ मध्ये बसवली तर जेमतेम १.९४. खोक्याच्या लाकडावर आयएसपीएम-१५चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया केल्याचा आंतरराष्ट्रीय) शिक्का आहे का ते स्वतः बघा. तो नसेल तर भारतात माल अडतो.

पुढचं चाक काढल्यावर ब्रेक पॅडच्या मधे जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा. कुणी चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि डिस्क परत आत जात नाही. अॅक्सल, स्पेसर आणि नट परत फोर्कमध्येच जागच्या जागी लावून ठेवा. पिशवीत टाकलेला स्पेसर हमखास हरवतो. खोक्यात गाडी बांधायचे पट्टे ताणताना सस्पेन्शन अर्ध्यापेक्षा जास्त दाबू नका, नाहीतर सील गळतात. टाकीत शिपिंग एजंट सांगेल तेवढंच पेट्रोल, बहुतेक वेळा अगदी तळाला. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह वायर काढून टोकं टेपने गुंडाळा. गाडी जहाजावर धोकादायक मालाच्या वर्ग ९ मध्ये मोडते, म्हणून ही तपासणी कडक असते. कॅम्पिंग गॅसचे डबे आणि स्प्रे कॅन आधीच काढून टाका.

कागद सगळ्यात जास्त महत्त्वाचे. बिल ऑफ लेडिंगचा (जहाजाने माल घेतल्याचा कागद) मसुदा आला की चेसिस आणि इंजिन नंबर कार्नेशी एकेक अक्षर जुळवा. 'बी'च्या जागी ८ पडला तरी कस्टम्समध्ये गाडी अडकते. नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. २०२३च्या अखेरीपासून बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून येऊ लागली, त्यामुळे कार्नेची मुदत मोजताना प्रवासाला दोन महिने धरा. मुदत पुरत नसेल तर ती संपायच्या आत, ज्या संस्थेने कार्ने दिलं तिच्याकडे वाढीसाठी अर्ज करा. परत आयातीची नोंद झाल्याशिवाय कार्नेसाठी ठेवलेली तुमची अनामत सुटत नाही.

पुढच्या अॅक्सलचा पाना, अॅलन-कीचा संच, हवेचा छोटा पंप आणि गाडीची दुसरी किल्ली खोक्यात भरू नका. चेक-इनच्या बॅगेत स्वतःबरोबर आणा. न्हावा शेवाच्या गोदामात खोकं उघडल्यावर चाक तुम्हालाच बसवावं लागतं आणि तिथे पाना मागायला कुणी नसतं.