क्ले क्वारीत फॉसिल शोधायला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये जिऑलॉजी शिकायला आलेल्या नवीन मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, हातोडा कुठला घेऊ? चिकणमातीच्या खाणीत जाणार असाल तर हातोड्याचा विचार सगळ्यात शेवटी करा. मी पीटरबरोच्या आसपास विटांसाठी ऑक्सफर्ड क्ले नावाची जुरासिक काळातली चिकणमाती काढतात तिथल्या ट्रिप्सना जाते आणि बॅगेतलं सगळ्यात निरुपयोगी वजन म्हणजे हातोडा असं माझं मत झालंय. एक बोथट चाकू, जुना ब्रश, हँडलेन्स, झिपवाल्या पिशव्या, टिश्यूचा रोल, मार्कर, बास.

आता परवानगीचं. चालू खाण आहे, आपापलं उठून जाता येत नाही. युनिव्हर्सिटी किंवा एखादा जिऑलॉजी क्लब आधी बोलून ठेवतो, नावं द्यावी लागतात, इन्शुरन्स बघतात, आणि बऱ्याचदा मशिनरी बंद असते अशा सुट्टीच्या दिवशीच सोडतात. हेल्मेट, चमकणारं जॅकेट, पुढे स्टील असलेले बूट नसतील तर गेटवरूनच परत. इंडक्शनमध्ये, म्हणजे आत सोडण्याआधीच्या सुरक्षेच्या सूचनांमध्ये, जे सांगतात ते खरंच ऐका, कारण डंपरच्या ड्रायव्हरला चाकाजवळचा माणूस दिसत नाही, आणि खाणीची उभी कड कितीही शांत वाटली तरी पावसानंतर ती न सांगता घसरते. आणखी एक, गाळाची तळी. वरून वाळून भेगा पडलेली सपाट जमीन दिसते, पाय ठेवला की कमरेपर्यंत आत. ट्रिपचा लीडर म्हणाला तिकडे जाऊ नका, तर जायचं नाही, तिकडे कितीही छान काही चमकत असलं तरी.

मग शोधायचं कुठे? नवीन लोक ताज्या कापलेल्या भिंतीकडे धावतात. तिथे धोका जास्त आणि दिसतं कमी, कारण ताजी क्ले सगळी एकसारखी करडी, ओली, गुळगुळीत. खरी मजा बाजूला टाकलेल्या जुन्या ढिगाऱ्यांवर असते, ज्यांच्यावर बरेच पाऊस पडून गेलेत. माती वाहून जाते आणि टणक गोष्टी वर उघड्या पडतात. तिरकं ऊन असेल तर अजून सोपं. एकच ढिगारा घ्या, खाली बसा, नजर हळूहळू फिरवा. पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही आणि मग एकदम सगळीकडे दिसायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं.

सगळ्यात आधी सापडतात बेलेम्नाइट, म्हणजे माकूळासारख्या प्राण्याच्या शरीरातला टोकदार, बंदुकीच्या गोळीसारखा भाग. मग ग्रिफिया नावाचे जाड वळलेले शिंपले. कॉस्मोसेरास हे अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखात राहणारे जुने समुद्री प्राणी, दाबून कागदासारखे चपटे झालेले असतात, पण त्यांच्यावर मोत्याची झाक टिकलेली असते, सोळा कोटी वर्षांनंतरही! पारदर्शक काड्यांसारखे स्फटिक दिसले तर ते जिप्सम हे खनिज, फॉसिल नाही, पहिल्या ट्रिपला सगळेच ते खिशात भरतात. काळा तुकडा लाकूड की हाड कळत नसेल तर तुटलेली कड लेन्सखाली बघा, हाडात स्पंजसारखी बारीक छिद्रं दिसतात.

हाडं इथे सापडतात हे माहीत झालं ते मुळात वीटवाल्यांमुळे. या क्लेच्या खालच्या भागात सेंद्रिय पदार्थ इतका आहे की भट्टीत वीट निम्मीअधिक स्वतःच जळते, कोळसा कमी लागतो, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे खाणी पसरल्या. तेव्हा माती हाताने खणायचे, मजुरांना हाडं दिसायची, आणि आल्फ्रेड लीड्स नावाचा इथला शेतकरी ती गोळा करायचा. लीडसिक्थिस या महाकाय माशाला १८८९ मध्ये त्याचंच नाव दिलं गेलं. आता पोकलेनच्या बकेटला हाड आणि माती यातला फरक कळत नाही, जे कोणी उचललं नाही ते वीट होऊन जातं. त्यामुळे इथून फॉसिल उचलण्यात मला काही गैर वाटत नाही, उलट कोणी फिरकलंच नाही तर नुकसान. २००१ मध्ये पीटरबरोशेजारच्या व्हिटल्सी गावाजवळच्या खाणीत लीडसिक्थिसचा मोठा सांगाडा विद्यार्थ्यांनाच दिसला होता. आणि दक्षिण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या अशाच एका क्ले पिटमध्ये १९८३ साली एका प्लंबरला भलामोठा नखाचा तुकडा मिळाला, त्यातून बॅरिओनिक्स हा डायनोसॉर जगाला कळला.

म्हणूनच हाड भिंतीत किंवा जमिनीत रुतलेलं दिसलं, एकाशेजारी एक दिसली, तर ओढू नका. फोटो, स्केलसाठी पेन ठेवून, आणि लीडरला हाक मारा. कुठल्या थरात, कुठल्या बाजूला वळलेलं, शेजारी काय, हे ओढल्यावर कायमचं गेलं. ढिगाऱ्यावरचं सुटं असेल तर उचला पण पिशवीवर तारीख, खाण आणि "ढिगारा" हे तिथेच लिहा, घरी गेल्यावर लिहीन म्हणणाऱ्यांच्या पिशव्या मी पाहिल्यात. आणि महत्त्वाचं काही मिळालं तर ते तुमचंच असं धरू नका, इंग्लंडमध्ये फॉसिल साधारणपणे जमीनमालकाचं, ठेवायचं काय आणि म्युझियमला द्यायचं काय हे आधी विचारून घ्या.

तिथे धुवायच्या भानगडीत पडू नका. मातीसकट टिश्यूत गुंडाळा. घरी हीटरवर तर अजिबात ठेवू नका, क्ले पटकन सुकली की आकसते आणि चपटा अमोनाइट तिच्याबरोबर फुटतो, पिशवी थोडी उघडी ठेवून सावकाश सुकू द्या. सोनेरी चमकणारे नमुने पायराइटचे, म्हणजे लोखंड आणि गंधकाच्या खनिजाचे असतात, ते हवेतल्या ओलाव्याने सडतात, अ‍ॅसिड तयार होतं आणि लेबलसुद्धा खाऊन टाकतं. ते घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, अधूनमधून उघडून बघा, आणि पांढरी-पिवळी पावडर दिसली की तो नमुना लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा.