उन्हाळ्यात घरी वाइन चाखायला मित्र बोलावताय? या चुका टाळा

पुण्यात आमच्या गच्चीवर दर मे महिन्यात एक संध्याकाळ ठरलेली असते. सात-आठ मित्र, पाच बाटल्या, घरचं खाणं. गेल्या काही वर्षांत आमचं बघून बऱ्याच जणांनी स्वतःच्या घरी असा बेत केला, त्यातल्या कितीतरी ठिकाणी मी जाऊनही आले. प्रत्येक घरी त्याच त्या चुका होतात आणि चांगली वाइन वाया जाते. नाशिक-दिंडोरीकडच्या ज्या शेतकऱ्याने एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची छाटणी आणि जानेवारी ते मार्चची तोडणी करून ती द्राक्षं पिकवलेली असतात, त्याच्या कष्टांचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक उष्णतेची. ती मी स्वतः केलेली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एका मे महिन्यात आम्ही नाशिकहून बाटल्यांचा खोका घेतला आणि पुण्याला निघालो. खोका डिकीत. सिन्नर गेलं, संगमनेर गेलं, नारायणगावला जेवायला थांबलो. दुपारचे दोन वाजलेले, गाडी उन्हात, आणि ओळखीचे लोक भेटल्यामुळे दीड तास गप्पांत गेला. घरी येऊन खोका उघडला तर बूच असलेल्या दोन रेड वाइनच्या बाटल्यांची बुचं वर सरकलेली, आणि एकीच्या गळ्याखाली चिकट ओघळ. गरम झाल्यावर वाइन प्रसरण पावते आणि बूच ढकलते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या बाहेरून धडधाकट होत्या, म्हणून मी निश्चिंत राहिले. संध्याकाळी सोविन्यॉ ब्लाँ ही पांढरी वाइन ओतली, तर ताज्या पेरूचा आणि चिरलेल्या गवताचा जो वास यायला हवा, त्याऐवजी शिजवलेल्या फळांचा, जॅमसारखा वास आला. आठ माणसं, सगळा स्वयंपाक तयार, आणि वाइन मेलेली. एकदा अशी तापलेली वाइन नंतर कितीही गार केली तरी परत येत नाही.

तेव्हापासून बाटल्या गाडीच्या आत, मागच्या सीटच्या पायाशी, थर्माकोलच्या मासळीवाल्या पेटीत येतात आणि वाटेत जेवायला थांबणं बंद. पुण्यातल्या दुकानातून घेतानाही मी आधी दुकानात एसी आहे का ते बघते. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली कितीही स्वस्तात देत असले तरी घेत नाही. पांढरी वाइन असेल आणि साल छापलेलं असेल, तर अलीकडचंच साल उचलते.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे 'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यायची' हे वाक्य. ते युरोपातल्या थंड दगडी घरांसाठी होतं, जिथे खोली सोळा-अठरा अंशांवर असायची. मे महिन्यात आपली बैठकीची खोली चौतीस अंशांवर असते. त्या तापमानाला शिराझ ही रेड वाइन ओतली की नाकात फक्त दारूचा वाफारा जातो, फळ कुठेच सापडत नाही, आणि लोक म्हणतात, भारतीय वाइन उग्र असते. मी रेड दीड तास फ्रिजमध्ये ठेवते. पुस्तकांत अर्धा तास लिहिलेला असतो, तो वीस-बावीस अंशांवरून सुरुवात करणाऱ्यांसाठी. पांढरी आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, सकाळपासून फ्रिजमध्ये, म्हणजे ओतताना आठ-दहा अंशांवर. फेसाळ वाइन त्याहून थोडी गार.

आयत्या वेळी गार करायची झाली तर घमेल्यात अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली गळ्यापर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली खोचून ठेवणाऱ्यांना मी दर वेळी सांगते की पाणी घाला, कारण बर्फाच्या तुकड्यांमधल्या हवेमुळे थंडपणा काचेपर्यंत पोचतच नाही. डीप फ्रीझरमध्ये 'दहाच मिनिटं' म्हणून ठेवलेली बाटली विसरली जातेच. घाई झाली असेल तर पाहुण्यांना पन्हं द्या आणि थांबा. पेल्यात बर्फाचे खडे टाकू नका, वाइन पाणचट होते.

आता खाण्याचं. आपल्याकडे दारू म्हटली की चकणा, आणि चकणा म्हटला की तिखट, ही सवय वाइनसमोर टिकत नाही.

एका मित्राच्या घरी हा बेत होता, आणि त्याच्या भावाने कोल्हापूरहून तांबड्या रश्शाचा डबा आणला. रस्सा उत्तम होता. प्रेमाने आणलेला, त्यामुळे पहिल्याच वाइनबरोबर वाट्या फिरल्या. मिरचीने तोंड पेटलेलं असताना वाइनमधलं अल्कोहोल आणखी भाजतं आणि रेडमधला तुरटपणा कडू लागायला लागतो. पुढच्या चारही बाटल्यांना सगळ्यांनी आंबट, कडू, घशाला लागणारी असं म्हटलं. त्या बाटल्या चांगल्या होत्या. जिभा बधिर झाल्या होत्या. त्यातल्या दोघांनी नंतर वाइनला हातच लावला नाही, आणि मला ते अजून लागून राहिलं आहे.

तिखट टाळायचं म्हणजे चीज आणि ऑलिव्हच आणायचे असं नाही. आपल्या स्वयंपाकघरातच सगळं आहे, फक्त मिरची कमी करायची. सोविन्यॉ ब्लाँबरोबर कोथिंबीर वडी किंवा दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी. शनँ ब्लाँ या किंचित गोडसर पांढऱ्या वाइनबरोबर अळूवडी, कारण चिंच-गुळाला त्याच जातीचं आंबटगोड भेटतं. थोडं तिखट ठेवायचंच असेल तर तेही याच वाइनबरोबर ठेवा. फेसाळ वाइनबरोबर गरम साबुदाणा वडा किंवा नुकत्या तळलेल्या कुरडया. तळणाचं तेल आणि मीठ तो फेस असा काही धुऊन काढतो की पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. रोझेबरोबर रव्यातली कोलंबी. शिराझबरोबर काळ्या मिरीचं सुकं मटण. शाकाहारी मंडळींसाठी मिरी लावून भाजलेलं पनीर. बांगडा-सुरमईबरोबर रेड मात्र देऊ नका. रेडमधलं लोह माशाच्या तेलाशी भांडतं आणि तोंडात लोखंडी, उग्र चव राहते.

ठेचा, लोणचं आणि सोलकढी शेवटच्या जेवणात.

मे महिन्यात आमरस असणारच. एक चमचा आमरस खाऊन कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन प्यायलात तर ती व्हिनेगर वाटेल, कारण वाइन पदार्थापेक्षा गोड असावी लागते. मी आमरस पेले उचलल्यावर वाढते. फारच हौस असेल तर लेट हार्वेस्ट शनँ, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शनँ ब्लाँ, गार करून घ्या आणि साखर न घातलेल्या हापूसच्या फोडींबरोबर द्या.

वासाकडे कोणाचंच लक्ष नसतं. मे म्हणजे मोगरा. गच्चीवर कुंड्या बहरलेल्या, यजमानीणबाईंच्या केसांत गजरा, कोपऱ्यात डासांची कॉइल, आत उदबत्ती. मग पेल्यात नाक घालून काय सापडणार? कुंड्या मी त्या दिवशी खाली नेते, अत्तर लावू नका असं निरोपातच लिहिते, आणि डासांसाठी पंखा लावते.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, म्हणून संध्याकाळी सहाला बोलावू नका. पाच वाजता पाणी मारा, आठला सुरू करा.

प्लॅस्टिकचे कप नकोत. साधे काचेचे, तोंडाशी निमुळते पेले पुरतात.

क्रम फेसाळ, पांढरी, रोझे, रेड, शेवटी गोड.

पेला भरू नका. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीची बारा मापं होतात, म्हणजे आठ जणांना एक बाटली पुरून थोडी उरते. पाच वाइन झाल्या की प्रत्येकाच्या पोटात ३०० मिली गेलेली असते, आणि ती कमी नाही. प्रत्येकापुढे पाण्याचा तांब्या आणि उरलेली वाइन ओतायला एक स्टीलचा पेला ठेवा. ओतून टाकण्यात यजमानाचा अपमान नसतो, हे आधीच सांगून टाका, नाहीतर संकोचाने लोक सगळं पितात. महाराष्ट्रात वाइनसाठी वय २१ आहे, तेव्हा कॉलेजातल्या भाचरांना पन्हं. चावी घेऊन आलेल्याला परत जाताना रिक्षा, यात मी कोणाचं ऐकत नाही.

उरलेली पांढरी वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस चांगली राहते. फेसाळ दुसऱ्याच दिवशी संपवा, उरलेल्या कुरडया तळून.