हाउसबोटीवर रात्र काढायची की नाही?

ठाणे-पनवेलहून नेत्रावती एक्सप्रेस थेट केरळातल्या अलेप्पीला जाते, त्यामुळे दोन रात्रींची हाउसबोट सहल ठरवायला फार डोकं लावावं लागत नाही. पैसे उडतात ते हाउसबोटीच्या रात्रीत. मासेमारांची जाळी पाण्यात पडायची वेळ झाली की, साधारण साडेपाचला, बोट काठाला बांधून ठेवतात आणि ती सकाळपर्यंत हलत नाही. म्हणजे पैसे रात्रीचे, फिरणं मात्र दिवसाचंच.

म्हणून असं करा:

१. दोन्ही रात्री वेंबनाड तलावाकाठच्या रिसॉर्टमध्येच राहा. मोठ्या बॅगा तिथेच. आजी-आजोबांना गुडघ्यांचा त्रास असेल, तर बोटीच्या अरुंद जिन्यापेक्षा ही खोली शंभर पटीने बरी.

२. मधल्या दिवशी हाउसबोट फक्त दिवसभरासाठी घ्या. जेवण धरून किती, बोट नक्की किती तास चालणार आणि एसी दिवसा लावणार का, हे तिन्ही व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. पुष्कळ बोटींवर एसी रात्रीच चालू करतात.

३. मुलांना अजून पाणी हवं असेल, तर मुहम्मा-कुमारकोम ही सरकारी फेरीबोट आहे. तिकीट अगदी किरकोळ, तलाव तोच.

पाण्यावर झोपण्याचीच हौस असेल, तर अर्थातच रात्र घ्या.

एक मात्र बघाच: मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट बोटीवर आहेत ना, हे पैसे देण्याआधी विचारा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.