व्हिक्टोरियन ओतशाळेचा इतिहास कसा शोधावा

इंग्लंडमधील एखाद्या व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील (१८३७–१९०१), ओतशाळेचा आणि तिच्या यंत्रहत्यारांचा इतिहास लिहायचा असल्यास सुरुवात कागदांपासून न करता यंत्रापासून करावी. लेथच्या ओतीव सांगाड्यावर उठावात असलेले कंपनीचे नाव जसेच्या तसे उतरवून घ्यावे, कारण भागीदार बदलले की नावही बहुधा बदलत असे; मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्ट येथे १८३६ मध्ये अभियंते जेम्स नॅस्मिथ यांनी उभारलेली ‘नॅस्मिथ, गॅस्केल आणि कंपनी’ पुढे ‘नॅस्मिथ, विल्सन आणि कंपनी’ झाली, आणि म्हणूनच केवळ नावावरूनही यंत्राचा काळ बराच नेमका ठरवता येतो. भागीदारी मोडल्याच्या सूचना ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात छापल्या जात, त्या अवश्य पाहाव्यात.

त्यानंतर स्क्रू-बोल्टांचे आटे मोजावेत. अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या कोनाचा प्रमाणित आटा १८४१ मध्ये मांडला, त्यामुळे तो मूळ भागावर आढळल्यास यंत्र त्यानंतरचे मानण्यास आधार मिळतो; मात्र बोल्ट मागाहून बदललेले असू शकतात, हे विसरू नये.

दर दहा वर्षांच्या जनगणनेच्या नोंदींत, विशेषतः १८५१ पासूनच्या, साचे घडवणाऱ्यांची आणि ओताऱ्यांची नावे व्यवसायासह मिळतात. मालकांच्या चरित्रांत ही माणसे क्वचितच दिसतात, म्हणून या नोंदींना सर्वाधिक वेळ द्यावा.