खालचा गुंता, वरची चूक

टीप मारता मारता मशीन एकाएकी जड होते, घरघर असा आवाज येतो आणि कापड जागचे हलेनासे होते. ते उलटून पाहिले की खालच्या बाजूला दोऱ्याचा पुंजका झालेला असतो. गुंता खाली दिसला की आपला हात आपोआप बॉबिनकडे, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या लहान रिळाकडे, जातो, आणि बहुतेक वेळा तिथेच आपले चुकते. शिवण शिकत असताना मी एका अस्तराच्या ब्लाउजपायी अख्खी दुपार बॉबिन केसचा, म्हणजे बॉबिन बसते त्या डबीचा, बारीक स्क्रू पिळण्यात घालवली होती. संध्याकाळी लक्षात आले की वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नव्हता. तो त्यांच्या कडेवरून नुसता सरकत होता. दोष वर होता, आणि पिळून पिळून मी खालचा चांगला बसलेला ताणही बिघडवून ठेवला होता.

असे का होते हे समजण्यासाठी टाका कसा पडतो ते पाहावे लागेल. सुई खाली जाऊन किंचित वर येऊ लागते तेव्हा तिच्या नेढ्यापाशी दोऱ्याचा एक लहानसा फास सुटतो. शटलचे, म्हणजे बॉबिनभोवतीच्या फिरत्या आकड्याचे, टोक तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरवून सोडून देते आणि त्यानंतर लगेच वरचा दांडा, ज्याला टेकअप लिव्हर म्हणतात, उरलेला दोरा खेचून घेतो. टाका जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असला तरी बॉबिनला वळसा घालण्यासाठी दर वेळी त्याच्या कितीतरी पट दोरा खाली उतरतो आणि तो सगळा परत वर जावा लागतो. वरच्या दोऱ्याला ताण नसेल, किंवा तो टेकअप लिव्हरच्या छिद्रातून निसटलेला असेल, तर खाली उतरलेला दोरा पुरता वर जात नाही. त्याचे फास कापडाखाली टॉवेलच्या पृष्ठभागासारखे साचत जातात आणि पाच-सहा टाक्यांत मशीन अडते. म्हणून खालच्या बाजूला सैल फास दिसले, तर प्रथम वरचा दोरा काढून पुन्हा ओवावा. याउलट बॉबिनचा दोरा वरच्या बाजूला सरळ रेषेत पडलेला दिसला, तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी आहे असे समजावे.

दोरा ओवताना प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचललेला असावा, कारण तो वर असतानाच टेन्शनच्या चकत्या सैल होऊन दोऱ्याला आत शिरू देतात. सुई आणि टेकअप लिव्हर हेही सर्वात वरच्या जागी आणून ठेवावेत. ओवून झाल्यावर एक सोपी परीक्षा करावी: फूट वर असताना दोरा ओढला तर तो सहज यावा आणि फूट खाली टाकून ओढला तर त्याने अडून सुईला किंचित वाकवावे. दोन्ही वेळा तो सारखाच सहज येत असेल, तर तो चकत्यांच्या बाहेर आहे. याच कारणाने फूट खाली टाकायला विसरून शिवायला सुरुवात केली की हमखास गुंता होतो, आणि जाड कापड फुटाखाली असले की हा विसर अगदी जुन्या हातांनाही पडतो. रिळाच्या कडेला दोरा अडकवण्याची खाच असते. तिच्यात दोरा पुन्हा पुन्हा अडकत असेल तर रीळ उलटे लावावे.

सुरुवातीचे टाके सर्वात धोक्याचे असतात. दोन्ही दोऱ्यांची टोके दहा-बारा सेंटिमीटर लांब ठेवून फुटाखालून मागे घ्यावीत आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत ती बोटांनी हलकेच धरून ठेवावीत. तसे न केल्यास ती टोकेच खाली ओढली जाऊन शटलमध्ये अडकतात. पहिला टाका चाक हाताने आपल्याकडे फिरवून घ्यावा. पायमशीनवर याची गरज अधिक असते, कारण पायडलवर पाय चुकीच्या क्षणी पडला की चाक उलटे फिरते आणि एक-दोन उलट्या फेऱ्यांतच दोरा गुंडाळला जातो. नव्याने शिकणाऱ्याने दोरा न ओवता, प्रेशर फूट वर ठेवून, चाक फक्त एकाच दिशेने फिरवण्याचा सराव चार दिवस करावा. तो कंटाळवाणा वाटला तरी पुढचा पुष्कळ मनस्ताप वाचवतो.

वॉयल, जॉर्जेट, पातळ रेशीम अशा कापडांच्या अगदी कडेपासून टीप सुरू केली की सुई कापडाचे टोकच भोकातून खाली ढकलते, आणि झिगझॅग मशीनच्या सुईखालच्या प्लेटचे भोक लांबट असल्याने तिथे हा त्रास जास्त होतो. अशा वेळी आधी एका चिंधीवर चार टाके घालून तिला लागूनच मुख्य कापड सरकवावे, किंवा कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवावे आणि नंतर तो अलगद फाडून काढावा. कापड मागून ओढू नये. ते पुढे नेण्याचे काम प्लेटमधून वर येणाऱ्या खालच्या दातांचे आहे. आपण ओढले तर सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि तिच्या टोकाला आलेला खरबरीतपणा पुढे प्रत्येक टाक्याला दोरा पकडतो.

सुईच्या बाबतीत काटकसर महागात पडते. बोथट सुईने फास नीट सुटत नाही, म्हणून साधारण आठ तासांच्या शिवणकामानंतर ती बदलावी. पातळ कापडाला 9 किंवा 11, पॉपलीनसारख्या सुती कापडाला 14 आणि डेनिमला 16 किंवा 18 क्रमांकाची सुई वापरावी; पाकिटावर 14 च्या जोडीला छापलेला 90 हा आकडा म्हणजे सुईची जाडी 0.9 मिलिमीटर. सुई पूर्ण वर सारून स्क्रू घट्ट करावा आणि तिची लांब खाच, ज्या बाजूने दोरा ओवायचा, त्या बाजूला आहे ना हे पाहावे. सपाट बाजू आपोआप तिच्या विरुद्ध येते.

बॉबिन तुमच्या मशीनच्याच मापाची असावी. दिसायला सारखी पण कडेला किंचित फुगीर असलेली बॉबिन केसमध्ये बसते, पण नीट फिरत नाही. दोरा तिच्यावर सारख्या ताणाने भरावा, आणि काठोकाठ भरू नये. केस वेगळी निघत असेल तर दोऱ्याचे टोक धरून ती लोंबकळत ठेवावी: ती आपण होऊन खाली घसरू नये, पण हलका झटका दिल्यावर थोडी उतरावी. असे होत असेल तर केसच्या बारीक स्क्रूला हात लावायचे कारण नाही. होत नसेल तर एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त फिरवू नये. बॉबिन वरून टाकायच्या बहुतेक मशीनमध्ये दोरा ओढल्यावर ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरायला हवी.

दोन-तीन बॉबिन संपल्या की प्लेट काढून दातांमध्ये साचलेला कापसाचा भुगा ब्रशने काढावा. तोंडाने फुंकू नये, कारण भुगा आणखी आत जातो आणि फुंकरीतला ओलावा लोखंडाला लागतो. ज्या मशीनला तेल द्यायचे असते, त्याच्या शटलच्या वाटेवर एक थेंब मशीनचेच तेल सोडावे. घरात हाताशी असलेले खोबरेल तेल मात्र कधीही घालू नये. साधारण 24 अंशांखाली ते गोठते, हिवाळ्याच्या सकाळी मशीन घट्ट होते आणि पुढे त्या तेलाचा भुग्याशी चिकट थर बसतो.

इतके करूनही दोरा अडकलाच, तर जोर लावू नये. विजेचे मशीन असेल तर आधी प्लग काढावा. चाक हळू पुढे-मागे हलवून सुई वर आणावी, फूट उचलावा, कापड हलकेच उचलून त्याखालचे दोरे कात्रीच्या टोकाने कापावेत आणि मगच कापड बाजूला घ्यावे. नंतर बॉबिन केस काढून शटलमधले तुकडे चिमट्याने एकेक करून वेचावेत. चाक तरीही फिरत नसेल, तर दोऱ्याचा एखादा पीळ शटलच्या कडेमागे गेलेला असतो. तिथे तेलाचा थेंब टाकून पाच मिनिटांनी चाक पुन्हा हलवले की तो बहुधा सुटतो. मग सुई बदलावी, वरचा दोरा पहिल्यापासून ओवावा आणि ज्या कापडावर काम चालू आहे त्याच कापडाच्या दुपदरी तुकड्यावर वीतभर टीप मारून तिची खालची बाजू पाहावी.