घरच्या औषधी बागेची सुरुवात करताय? या चुका टाळा

शोभेचं रोप भलतंच निघालं तर फार तर वेगळ्या रंगाचं फूल येतं. औषधी रोप भलतं निघालं तर ते पोटात जातं. म्हणून या बागेतली सगळ्यात मोठी चूक माती-पाण्याची नाही, ओळखीची आहे, आणि ती रोप घरात येण्याआधीच झालेली असते.

गुळवेलच बघा. औषधात वापरतात ती टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिची सख्खी बहीण शोभावी अशी टिनोस्पोरा क्रिस्पा. पानं तशीच हृदयाच्या आकाराची. क्रिस्पा घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. फरक खोडावर दिसतो. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळींसारख्या ठळक गाठी असतात, कॉर्डिफोलियाच्या खोडावर तशा गाठी नसतात. कोवळ्या रोपावर हे नीट कळत नाही, त्यामुळे खोड जून होईपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

ब्राह्मीचा घोळ वेगळा. या नावाने दोन वनस्पती मिळतात. बाकोपा मोनिएरीची पानं लहान, जाडसर आणि जवळपास बिनदेठाची. मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला एशियाटिका. तिचं गोलसर पान लांब देठावर उभं असतं. औषधी दोन्ही आहेत, पण त्यांतली द्रव्यं वेगळी, त्यामुळे एकीबद्दल वाचलेलं दुसरीला लावू नका. कोरफडीच्या जागी घायपाताचं पिल्लूही हातात पडू शकतं. घायपाताचं पान कापलं की आत चिवट धागे लागतात आणि त्याच्या रसाने कातडीची आग होऊ शकते. रोप घेताना शास्त्रीय नाव विचारा आणि घरी आल्यावर ते कुंडीवर लिहून ठेवा. फोटोवरून झाड ओळखणाऱ्या ॲपवर विसंबून काहीही तोंडात घालू नका.

झाड कोमेजलंय, म्हणून अजून पाणी

माती ओली असतानाही पानं माना टाकत असतील, तर बहुतेक वेळा मुळं कुजू लागलेली असतात. अशा वेळी पाणी बंद करा, रोप अलगद बाहेर काढा, काळी पडलेली मऊ मुळं कापून टाका आणि कोरड्या, भुसभुशीत मातीत लावा. रोज ठरावीक वेळी पाणी घालण्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. तुळशीला ओल हवी, पण चिखल नको. कोरफडीची माती पूर्ण सुकू द्या. ब्राह्मीला मात्र सतत ओलावा लागतो. म्हणूनच कोरफड आणि ब्राह्मी एकाच लांब कुंडीत लावली की दोघींपैकी एक जाणारच.

कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला की निचरा होतो, हा समज फार पक्का बसलाय. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच्या मातीतच अडकतं. म्हणजे ओला पट्टा उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे. निचरा वाढवायचा असेल तर जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र दाणे) सगळ्या मातीतच मिसळा.

अश्वगंधा आणि शतावरी यांची मुळं हेच औषध असतं, तेव्हा त्यांना उथळ कुंडी देऊ नका. पुदिना जमिनीखालून पसरतो आणि शेजाऱ्यांना गिळतो. त्याला स्वतंत्र कुंडी द्या. तुळस, गवती चहा लांबट आणि फिकट होत असतील तर ऊन कमी पडतंय. रोज सहा तास थेट ऊन मिळेल अशी जागा शोधा.

मातीत आणि पानांवर काय जातंय?

रंगाचे जुने डबे कुंडी म्हणून वापरू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. रंगाचे पोपडे निघालेल्या जुन्या भिंतीलगतची किंवा वाहत्या रस्त्याकडेची माती याच कारणाने नको. नत्रयुक्त खत भरपूर दिलं तर पानं मोठी, हिरवीगार होतात, पण सुगंधी वनस्पतींचा वास आणि तेल उतरतं. थोडं कंपोस्ट पुरतं.

मावा, पिठ्या ढेकूण दिसले तर पाण्याचा जोरदार फवारा आणि सौम्य साबणाचं पाणी आधी वापरून बघा. आंतरप्रवाही कीटकनाशक या बागेत आणूच नका. ते झाडाच्या रसात भिनतं, पानं कितीही धुतली तरी निघत नाही. विकत आणलेल्या रोपावर आधी काय मारलंय हे कळत नाही, म्हणून जुनी पानं वापरू नका, नवी फूट चांगली वाढू द्या.

काढणीची घाई

एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त झाड छाटू नका. तुळशीची मंजिरी कोवळी असतानाच खुडली तर पानं येत राहतात. कोरफडीचं पान कापल्यावर कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. जो पिवळा चीक गळतो त्यात अलोइन असतं, ते तीव्र रेचक आहे. तो धुऊन टाका आणि मगच गर त्वचेला लावा. पानं वाळवायची तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी. चुरडल्यावर कुरकुरीत तुटली नाहीत तर बरणीत भरू नका, बुरशी धरेल.

आणि वापराबद्दल. घरचं, नैसर्गिक, म्हणून निरुपद्रवी हा समज धोक्याचा आहे. अडुळशातल्या वासिसीन या द्रव्यामुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, त्यामुळे गरोदरपणात अडुळसा घेऊ नये. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर कोणताही काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि कोणत्या झाडाचा कोणता भाग किती घेताय तेही सांगा.